वाण्याची वही आणि आईची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी वहीची पूजा करतात. नव्या चोपडीला हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर 'श्री' काढतात आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातावर बत्तासे ठेवतात. लहानपणी दिघीत आमच्या वाण्याच्या दुकानी हा सोहळा मी दर वर्षी पाहत असे. बत्तासे घेऊन घरी आले, की आई आपली वही काढून दिवसाचा खर्च लिहीत बसलेली दिसे. आमच्या जुन्या वह्यांतली कोरी पाने फाडून, दाभणाने शिवून तिने ती वही केलेली असे. तिच्या वहीला कधी कोणी हळदकुंकू वाहिले नाही.

त्या वह्यांचा गठ्ठा आज माझ्याजवळ आहे. इतिहासाचे अभ्यासक पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या मोडी रोजकीर्दी चाळतात, तशी मी कधी कधी आईच्या वह्या चाळत बसते. चाळताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा मनात येतो. संसाराचा महिन्याचा खर्च कमी करावा, आणि तरी घरात कोणाला काही कमी पडू नये, असे खरोखर घडते का? घडत असेल, तर कशाच्या बळावर? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी आमच्या पंचक्रोशीच्या इतिहासात शिरले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते आहे.

आधी आमच्या घराची हकिकत सांगितली पाहिजे. दिघी हे भोसरी आणि आळंदी यांच्या मधले गाव. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याला जाते ती आमच्या गावावरून. एका अंगाला लष्कराच्या जमिनी, दुसऱ्या अंगाला भोसरीचे कारखाने. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. त्याच्या आधीच्या दिवसांची ही गोष्ट. माझे वडील एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करीत. १९९५च्या मार्च महिन्यात, माझी दहावीची परीक्षा चालू असताना, त्या कारखान्याला कुलूप लागले. ते पुन्हा उघडलेच नाही.

आईने काय केले ते तिच्या वहीत स्वच्छ दिसते. एक लिटर दूध अर्ध्या लिटरवर आले. चहात साखरेऐवजी गूळ पडू लागला. वर्तमानपत्र बंद झाले. भाजी सकाळी न घेता बाजार उठण्याच्या वेळी, उरलेल्या वाट्यांची घेतली जाऊ लागली. गोडेतेल किलोने येत होते ते पाव किलोने येऊ लागले. पुढे अनेक वर्षे आम्ही भावंडे सांगत असू, की त्या दिवसांतही आईने आम्हांला काही कमी पडू दिले नाही. आमची तशी प्रामाणिक समजूत होती.

मोठेपणी वही वाचताना दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. पहिली ही, की त्या वर्षी आईचे उपास वाढले होते. एकादशी आणि चतुर्थी होत्याच. त्यांत गुरुवार आला, शनिवार आला. पण वहीत साबुदाणा वाढलेला नाही, शेंगदाणे वाढलेले नाहीत. उपास वाढले आणि उपासाचे जिन्नस मात्र वाढले नाहीत, याचा अर्थ लावायला फार विद्वत्ता लागत नाही.

दुसरी गोष्ट माझ्याविषयीची. मी परीक्षा पास झाले. कॉलेजची फी आणि बसचे भाडे यांचा हिशेब एका रात्री घरात झाला, आणि "पुढच्या वर्षी बघू" असे ठरले. ते पुढचे वर्ष आले नाही. मी गावातल्या बालवाडीत मदतनीस म्हणून जाऊ लागले आणि पुढे तिथेच शिक्षिका झाले. लिहायला लागले ते त्यानंतर. शिक्षण मॅट्रिकवर थांबले ते कायमचे. महिन्याच्या खर्चातून जे जे कमी केले गेले त्यात माझे कॉलेजही होते. पण वहीत त्याची नोंद नाही. न झालेल्या खर्चाला जमाखर्चात रकाना नसतो.

हे सारे आमच्याच घरी घडले असते, तर मी ते मनातच ठेवले असते. परंतु एका कादंबरीसाठी जुन्या काळाची माहिती गोळा करताना माझ्या हाती एक पुस्तक आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने एका दख्खनी खेड्याची पाहणी केली आणि १९१७ साली ती प्रसिद्ध केली. ते खेडे म्हणजे पवनेकाठचे पिंपळे सौदागर. आज तिथे उंच इमारती आणि झगमगती दुकाने आहेत. शब्दकोश जवळ घेऊन मी ते इंग्रजी पुस्तक सावकाश वाचले. दिघीपासून थोड्याशा अंतरावरचे गाव, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या तिथल्या घरांचे उत्पन्न आणि खर्च कोणीतरी घरोघर जाऊन लिहून ठेवलेले!

डॉ. मॅन यांना असे आढळले, की १७७१ साली त्या गावात एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती. १९१४-१५च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. १५६ मालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहूनही लहान होते. त्यांनी १०३ कुटुंबांचे जमाखर्च तपासले. नुसत्या जमिनीवर धडपणे जगू शकणारी कुटुंबे निघाली ८. जमिनीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन ज्यांचा मेळ बसत होता अशी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचा मेळ शेती आणि मजुरी दोन्ही करूनही बसत नव्हता. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ होता, तिथे गावची माणसे कामाला जात होती, तरीही ही अवस्था.

या ६७ घरांतल्या बायकांना काटकसर ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल? भाकरीबरोबर कांदा, नाहीतर नुसते मीठ-मिरची, यातून आणखी काय वजा करणार होत्या त्या? तरी घर चालत होते, म्हणजे कर्जावर चालत होते. सावकाराच्या आणि वाण्याच्या वहीवर चालत होते. इथे मला पहिल्यांदा दिसले, की गरिबाच्या घरखर्चाचा विचार त्याच्या एकट्याच्या वहीवरून करता येत नाही. त्या वहीशेजारी दुसरी वही उघडून ठेवावी लागते.

ही दुसरी वही किती जड असते, याचा हिशेब मुंबईत मिळाला. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली कामगारांच्या २,४७३ कुटुंबांचे महिन्याचे जमाखर्च गोळा केले आणि फिंडले शिरास यांनी तयार केलेला त्यांचा अहवाल १९२३ साली छापला गेला. आपल्या कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत गेलेली कितीतरी माणसे त्यात आहेत. कुटुंबाचे सरासरी उत्पन्न महिना सुमारे ५२ रुपये. शंभर रुपये खर्च धरला, तर अन्नावर ५६.८, जळण आणि दिवाबत्ती यांवर ७.४, कपड्यांवर ९.६, घरभाड्यावर ७.७ आणि बाकीच्या सगळ्या गोष्टींवर १८.५. या अहवालातील एका निष्कर्षाची त्या काळी फार चर्चा झाली. मुंबईचा कामगार जे धान्य खातो ते दुष्काळी कामांवरच्या मजुराला ठरवून दिलेल्या जास्तीत जास्त धान्याइतके आहे. पण तुरुंगातल्या कैद्याला नियमाने जे मिळते त्याहून ते कमी आहे! म्हणजे दिवसभर गिरणीत राबून घरी आलेला माणूस कैद्याहून कमी खात होता. पोटाला चिमटा घ्यायचा तो तेव्हाच घेऊन झालेला होता.

मग पैसा जात कुठे होता? त्याच अहवालात आहे, की १०० पैकी ४७ कुटुंबे कर्जबाजारी होती आणि कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. व्याजाचा दर काय? १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने लिहिले आहे, की दर रुपयाला दर महिना एक आणा हा सर्रास दर होता. म्हणजे वर्षाला शेकडा ७५. मी शाळेतल्या पाटीवर करावे तसे हे गणित मांडून पाहिले. अडीच महिन्यांची कमाई म्हणजे १३० रुपये. या सगळ्या रकमेला आण्याचा दर धरला, तर महिन्याचे व्याज १३० आणे, म्हणजे ८ रुपये २ आणे. घरभाडे होते सुमारे ४ रुपये. जळण आणि दिवाबत्ती ४ रुपयांहून थोडी कमी. याचा अर्थ असा, की अशा दराने अडकलेले घर डोक्यावरच्या छपरासाठी, चुलीतल्या लाकडांसाठी आणि दिव्यातल्या तेलासाठी मिळून जेवढे देत होते, त्याहून जास्त नुसत्या व्याजासाठी देत होते. आणि व्याज दिल्याने ना पोट भरते, ना अंग झाकते. सगळ्या संसारात हा एकच खर्च असा, की तो कमी झाला तर घरातले कोणीही उपाशी राहत नाही.

आमच्या भागातल्या माणसांना हे अहवाल निघण्यापूर्वीच कळलेले होते. देहू आमच्यापासून दूर नाही. तुकाराम महाराजांच्या घरी सावकारी होती. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवून टाकली, असे परंपरा सांगते. धाकट्या भावाच्या वाट्याची अर्धी खते मात्र त्याला देऊन टाकली, असेही ती सांगते. या कथेत वाण्याच्या घरी जन्मलेला माणूस वहीचे ओझे ओळखतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. परंतु बाई म्हणून वाचताना मला आवलीचीही आठवण येते. खते पाण्यात गेली, ऋणको मोकळे झाले. त्या रात्री देहूच्या त्या घरात चूल पेटवायची ती आवलीनेच. त्यागाची झळ कोणाला पोचते, हे कथा सांगणारे क्वचितच विचारतात.

पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले. त्यांनी सावकारांकडून कर्जरोखे आणि वह्या मागितल्या आणि त्यांची होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. रोख माणसांवर थोडा आणि कागदावर फार होता. सरकारने आयोग नेमला, १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कागद जळाला तरी गरज जळत नाही. बी-बियाण्याला, लग्नाला, आजारपणाला पैसा लागतोच. तो देणारा दुसरा कोणी नसेल, तर पुढच्या वर्षी माणूस पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. वही बुडवून पाहिली, जाळून पाहिली. ती अनावश्यक कशी करायची हे मात्र अजून कोणाला साधले नव्हते.

ती वाट आधी दूरच्या देशात सापडली. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावी २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, थोडे थोडे भांडवल साठवले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी एक दुकान उघडले. दुकानात माल होता पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच. नियम साधे होते. माल चोख, माप पुरे, नफा ज्याने जितकी खरेदी केली त्याला तितक्या प्रमाणात परत. आणि सर्वांत कडक नियम हा, की उधार बंद. हा शेवटचा नियम कठोर वाटतो. पण विचार केला म्हणजे समजते, की जो विणकर गिरणीवाल्याच्या नाहीतर दुकानदाराच्या वहीत अडकलेला होता, त्याला माणूस म्हणून उभे करण्याची ती पहिली पायरी होती.

आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९१२च्या कायद्याने ग्राहकांच्या भांडारांसारख्या संस्थांनाही वाट मोकळी झाली. १९४८ साली मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीतून ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. तीच पुढे 'अपना बाजार' म्हणून घरोघर माहीत झाली. १९७२च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेलाचा आणि साखरेचा भाव हा स्वयंपाकघरातला खाजगी प्रश्न नाही, हे त्या लाटण्यांनी सांगितले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी आणि संगीतकार सुधीर फडके हे तिच्या आरंभीच्या मंडळींतले. शेजारपाजारच्या घरांनी एक संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक यायचा आणि तो घरातल्याच माणसांनी वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. तिने लोकांना कमी खायला सांगितले नाही. तेच धान्य, तीच डाळ, कदाचित जास्त चांगली. मधल्या हातांतून जे गळत होते तेवढे वाचले.

आता पुन्हा दिघीला येते. आमच्या आईने यातले काहीच वाचलेले नव्हते. १९९५च्या दिवाळीत वाण्याच्या चोपडीत आमच्या नावावर बरीच रक्कम साठली होती. त्या माणसाने आम्हांला सहा-सात महिने जगवले, हे मी नाकारणार नाही. व्याज म्हणून त्याने कधी पैसा मागितला नाही. पण उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारता येत नाही, डाळीत खडे निघाले तर परत नेता येत नाही, आणि दुसऱ्या दुकानात पाऊल टाकता येत नाही. व्याज असे न लिहिताच वसूल होत असते.

आईची बारा बायकांची भिशी होती, दर महिना पन्नास रुपयांची. एरवी चिठ्ठ्या टाकून नंबर काढीत. त्या वेळी शेजारच्या मावशींनी चिठ्ठ्या टाकू दिल्या नाहीत, म्हणाल्या, "पहिली भिशी हिला द्या, हिची वही मिटू द्या." त्या सहाशे रुपयांनी चोपडीतले ओझे बरेच उतरले. वडिलांना हंगामी काम मिळाले होते, त्यातून उरलेले हळूहळू फिटले. मग चार घरांनी ठरवले, की महिन्याचा बाजार रोखीने आणि एकत्र करायचा. दोघीजणी पुण्याच्या भुसार बाजारात जात, गव्हाचे पोते आणत. आमच्या ओसरीवर उसना काटा मांडून ते वाटले जाई. तळाशी राहिलेल्या कचकचीचा वाटा कोणी घ्यायचा यावरून कुरबुर होई. शेवटी तो दर महिन्याला वेगळ्या घरी जावा असा नियम झाला. उन्हाळ्यात मिरची, हळद आणि डाळ यांची बेगमीही चौघींत होऊ लागली. बेगमी ही आपल्या आजीपणजीची जुनी काटकसर; पण ती रोख पैसा हाती असणाऱ्यालाच परवडते. ज्याला पाव किलो तेल घ्यावे लागते तो दर वेळी महाग घेतो. गरिबाचा संसार महाग असतो तो असा.

१९९७च्या वहीत दूध पुन्हा एक लिटर झालेले आहे. तेल किलोने आहे. एकादशीला साबुदाणा आहे. वडिलांची कमाई पूर्वीइतकी नव्हतीच. तरीही महिन्याच्या अखेरीस शिल्लक दिसते. १९९८च्या जुलैत एक ओळ आहे: 'धाकट्याची आयटीआयची फी'. ती ओळ वाचून मला आनंद होतो, हे खरे सांगते. तीन वर्षांपूर्वी तशीच एक ओळ लिहिली गेली असती तर, असे वाटून जाते, तेही खरेच सांगते. आणि मुलाची फी निघाली तेव्हा मुलीचे राहिलेले कॉलेज कोणाला आठवले नाही, ते काही नुसत्या पैशाच्या अडचणीमुळे नव्हे.

आज दिघीत वाण्याच्या त्या दुकानाच्या जागी इमारत उभी आहे. लाल चोपडी फारशी दिसत नाही. उधारी मात्र मोबाइलमध्ये जाऊन बसली आहे. वस्तू आज घ्या, पैसे नंतर द्या, असे तो दिवसभर सांगत असतो. माझ्या बालवाडीतल्या मुलांच्या आया कधी विचारतात, "बाई, खर्च कुठं कमी करावा?" त्या विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात, की दूध थोडे कमी करू, फळे बंद करू. मी त्यांना म्हणते, आधी हप्त्यांची यादी करा. जो पैसा कोणाच्या ताटात पडतच नाही, तो आधी वाचवा. मग थोडे थोडे महाग घेणे चौघींनी मिळून थांबवा. ताटाला हात लावायचाच झाला तर सर्वांत शेवटी, आणि तो कोणाच्या ताटाला लागला हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. झळ लागली नाही असे म्हणणारे घर पुष्कळदा ती एका माणसाच्या अंगावर टाकून मोकळे झालेले असते.

मागच्या दिवाळीत मी आईला धीर करून विचारले, "तू सगळं लिहिलंस, अगदी दोन रुपयांची कोथिंबीरसुद्धा. माझं कॉलेज राहिलं ते का नाही लिहिलंस?"

आई पणत्यांच्या वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, "अगं, लिहिलं असतं तर रोज वाचायला लागलं असतं."

तेव्हा मी गप्प बसले. रात्री लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नाण्यांशेजारी तिची १९९५ची वही ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिले. आई पाहत होती. ती काही बोलली नाही. पण वही उचलून परत कपाटात ठेवायला मला कोणी सांगितले नाही, आणि भाऊबिजेपर्यंत ती पाटावरच होती.